उजेड मोजावा की ओळखावा?

घरातल्या जुन्या पेटीत कधीतरी फिल्मचा कॅमेरा सापडतो. कुणाच्या आजोबांचा, कुणाच्या मामांचा. घरातला एखादा तरुण तो पुसूनपासून नीट करतो, शहरातून रोल मागवतो आणि मग त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की उजेड किती आहे हे ठरवायचे कसे? त्यासाठी लाइट मीटर विकत घ्यावा लागेल, की डोळ्याच्या अंदाजाने भागेल? मोबाइलवर फोटो काढणाऱ्याला ही अडचण नाही. ते यंत्र पोटातल्या पोटात उजेड मोजून मोकळे होते, आणि एक फोटो बिघडला तर लगेच दुसरा काढता येतो. फिल्मचे तसे नाही. लहान रोलवर छत्तीस फोटो, मोठ्या रोलवर चौकोनी असे बाराच. रोल धुऊन येईपर्यंत काय उमटले ते कळत नाही, आणि तोवर वरात आपल्या गावी परतलेली असते, पालखी पुढच्या मुक्कामाला गेलेली असते. रोल आणि धुलाई दोन्ही आता महाग झाली आहेत हे तर आहेच. पण खरे नुकसान पैशाचे नसते. म्हाताऱ्या माणसाचा घरात तो एकच फोटो असतो, आणि त्यात चेहरा काळा आला तर तो काळाच राहतो.

आपला बारामती-इंदापूरचा मुलूख नीरा डाव्या कालव्याचा. म्हणून मूळ गोष्ट पाण्याच्या भाषेतच सांगतो. उसाला पाणी देताना वाफ्याचे दार मोठे केले तर वाफा लवकर भरतो, लहान ठेवले तर वेळ लागतो. पाणी मात्र तेवढेच पडते. कॅमेऱ्यात दार म्हणजे भिंगामागचे छिद्र, आणि वेळ म्हणजे शटर उघडे राहण्याचा काळ. छिद्रावर आकडे असतात ते असे : १६, ११, ८, ५.६, ४. आकडा लहान तितके दार मोठे, ही उलटी गंमत एकदा ध्यानात ठेवली म्हणजे झाले. एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर गेले की उजेड दुप्पट आत येतो. या एका पायरीला फोटोग्राफर मंडळी एक स्टॉप म्हणतात. वाफ्याला पाणी कमी पडले तर शेवटच्या टोकाचा ऊस वाळतो. फिल्मला उजेड कमी पडला तर असेच होते. आधी वाळते ते सावलीतले : डोळे, काळे केस, लुगड्याचे गडद काठ. निगेटिव्हवर तिथे काही उमटलेलेच नसते, मग छापताना कितीही खटपट केली तरी ते कुठून येणार?

आता दारे धरणारा गडी वाफ्याकडे नुसता बघून सांगतो, की भरला. मग उजेडाकडे बघून आपल्याला का सांगता येऊ नये? याचे कारण डोळा फार मनमिळाऊ आहे. भर उन्हातल्या अंगणातून ओसरीवर आलात, ओसरीवरून माजघरात गेलात, घटकाभरात डोळा सरावतो आणि सांगतो, 'दिसतंय की सगळं!' प्रत्यक्षात अंगणातला उजेड शंभर धरला तर एका झरोक्याच्या माजघरात त्याचा दहावा हिस्साही नसतो. तो हजार पटींनीसुद्धा कमी असू शकतो. हजार पट म्हणजे दहा स्टॉप. डोळ्याची बाहुली दोन मिलिमीटरपासून फार तर आठ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. तेवढ्याने सोळा पटच उजेड वाढतो. बाकीचे काम डोळ्याच्या आतला पडदा गुपचूप करतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागू देत नाही. पाहण्यासाठी हे फार सोयीचे, पण मोजण्यासाठी निरुपयोगी. म्हणून 'उजेड बरा वाटतो' असे म्हणून फोटो काढू नये. उजेड वाटण्यावर जाऊच नये.

मग डोळ्याने पाहायचे काय? सावली पाहायची. सावलीच्या बाबतीत डोळ्याची फसगत सहसा होत नाही, आणि सावली पाहून वेळ सांगणे तर आपल्याकडे जुनेच आहे. हिशेब सोपा आहे. फिल्मच्या डबीवर तिच्या वेगाचा आकडा असतो; तो शंभर असेल तर शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर ठेवा, चारशे असेल तर पाचशेव्या भागावर. आता जमिनीवर बघा. सावली काळीभोर, तिची कड सुरीने कापल्यासारखी असेल तर छिद्र १६. सावली आहे पण कड विरघळली आहे, तर ११. सावली शोधावी लागते, तर ८. सावली मुळीच नाही, आभाळ भरून आले आहे, तर ५.६. माणूस उघड्या अंगणात पण घराच्या किंवा झाडाच्या सावलीत बसला आहे, तर ४. एवढ्या पाच ओळी पाठ झाल्या की सकाळी आठनऊपासून दुपारी चारपर्यंतचे उघड्यावरचे काम निभते. कोवळ्या उन्हाला आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हाला एखादा स्टॉप वाढवावा लागतो. हा नियम काही कुणा एकाचे गुपित नव्हे. फिल्मच्या खोक्यात सूर्य आणि ढग काढलेली चिठ्ठी असे, तिच्यात हेच लिहिलेले असे. बडोद्याला तयार होणारा आग्फाचा क्लिक थ्री आपल्याकडे पुष्कळ घरांत होता. तसल्या साध्या कॅमेऱ्यांवर हजारो माणसांनी मीटरचे नावही न ऐकता फोटो काढले आणि ते आलेही, कारण ऊन पुष्कळ आणि फिल्म सोशिक.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला तेव्हा तर विजेचा लाइट मीटर जगातच नव्हता. फोटोग्राफी आणि छपाईतल्या ठशांचे काम त्यांनी आधी केलेले होते, उजेड त्यांच्या हातात बसलेला होता. त्या काळी मीटर नव्हतेच असे मात्र नाही. वॉटकिन्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८९० च्या सुमारास काढलेल्या मीटरमध्ये उजेडाने काळवंडणारा कागद असे. तो शेजारच्या रंगाइतका गडद व्हायला किती सेकंद लागतात ते मोजून हिशेब करायचा. पुढे १९३२ च्या सुमारास वेस्टन कंपनीचा विजेचा मीटर आला. त्यात सेलेनियमचा पत्रा असतो. उजेड पडला की त्यात अगदी बारीक वीज तयार होते आणि काटा हलतो. ना सेल, ना किल्ली.

मात्र मीटर शहाणा नाही. तो नेमका आहे, पण शहाणा नाही. त्याला ठाऊक नसते की समोर काय आहे. तो एकच गोष्ट धरून चालतो, की समोरची वस्तू मध्यम राखाडी रंगाची आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण अठरा टक्के परत पाठवणारी. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात वाळलेल्या गवतात चिंकारा उभा असेल तर मीटर सांगेल ते बिनदिक्कत ऐकावे. ते गवत आणि तो प्राणी दोन्ही मध्यमच आहेत. पण जग सगळे सुप्याच्या माळासारखे नसते.

काटेवाडीचेच बघा. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडीला येते, तेव्हा तिच्या वाटेवर परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, आणि मग पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धावते. आषाढाच्या तोंडाचे दिवस. आभाळ अर्धे भरलेले, सावली शोधावी लागते. म्हणजे आपल्या हिशेबाने छिद्र ८. आता एकाने मीटर काढला आणि पायघड्यांकडे धरला. पांढरे धोतर ऐंशी टक्क्यांच्या आसपास उजेड परत पाठवते. मीटरला वाटते, बापरे, किती हा उजेड! तो सांगतो १६. दुसऱ्याने तो मेंढरांच्या काळ्या कळपाकडे धरला. काळी लोकर चारपाच टक्केच उजेड परत देते. मीटरला वाटते अंधार पडला. तो सांगतो ४. एकच जागा, एकच क्षण, एकच आभाळ, आणि दोन उत्तरांत सोळा पटींचा फरक! दोन्ही चूक. पहिल्याच्या फोटोत धोतरे मळकी राखाडी येतील आणि वारकऱ्यांचे उन्हात रापलेले चेहरे कोळशासारखे. दुसऱ्याच्या फोटोत मेंढ्या धुरकट आणि पायघड्या म्हणजे नुसता पांढरा डाग. खरे उत्तर जमिनीवरच्या पुसट सावलीत होते, आणि ते फुकट होते.

वारीचे फोटो पाहताना पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे झकास आणि त्यांच्यामधले चेहरे अंधारात, असे कितीदा दिसते! फोटो काढणारा म्हणतो, 'ऊन फार होतं हो.' ऊन नव्हे, पांढरा कपडा फार होता. मीटरने कपड्याचे ऐकले आणि माणसाला विसरला. वारकऱ्याचा फोटो घ्यायचा तर कपड्याच्या बाजूने नव्हे, चेहऱ्याच्या बाजूने उभे राहायला हवे. निगेटिव्ह फिल्म उजेड जास्त झालेला पुष्कळ सोसते, कमी झालेला सोसत नाही. शंका आली तर एक स्टॉप वाढवा. डिजिटल कॅमेऱ्याचे याच्या नेमके उलटे असते, तिथे पांढरे एकदा जळाले की परत येत नाही. म्हणून मोबाइलची सवय असलेल्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

बेलवाडीच्या गोल रिंगणात आणखी एक अडचण असते. अश्व धावायला लागला की चार श्वासांचा खेळ; त्यात मीटर गळ्यातून काढा, धरा, काटा पाहा, चकती फिरवा, तोवर अश्व गेला आणि त्याच्या टापांची माती कपाळाला लावायला माणसे मैदानात धावली. उजेड आधी ठरवून ठेवायचा असतो. ढग सूर्यावर आला की जमिनीकडे एक नजर टाकायची, बोटाने छिद्र एक पायरी उघडायचे, ढग हटला की पुन्हा मिटायचे. हे डोळा न मोजता करतो, आणि इथे तो मीटरच्या पुढे आहे.

तळहाताची एक युक्ती सांगतो. माणसाचा रंग गोरा असो, सावळा असो, तळहात साधारण सारखेच असतात, आणि मीटरच्या मध्यम राखाडीपेक्षा ते सुमारे एक स्टॉप उजळ असतात. तेव्हा मीटर धोतराकडे नको, मेंढीकडे नको, आपल्या तळहाताकडे धरा आणि तो सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप वाढवा. अट एवढीच, की ज्या उजेडात माणूस आहे त्याच उजेडात तळहात हवा. काही मीटरांवर पांढरी घुमटी असते. ती वस्तूकडे न धरता, वस्तूपाशी उभे राहून कॅमेऱ्याकडे धरायची. म्हणजे वस्तू काळी की गोरी हा प्रश्नच उरत नाही, पडणारा उजेड तेवढा मोजला जातो. सावली पाहण्याचा आपला नियम मुळात हेच करतो.

याचा खरा उपयोग भिगवणला होतो. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि भीमेचे पाणी मागे भिगवण, कुंभारगावपर्यंत पसरले. तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, लोक नावेतून पाहायला जातात. पांढरट गुलाबी पक्षी, खाली चकाकणारे पाणी, वर आभाळ. मीटर तिकडे धरला की तो दिपून जातो आणि पक्षी काळपट करून ठेवतो. पक्ष्याजवळ जाऊन मोजावे म्हटले तर तो उडून जाणार. पण जायचे कशाला? सूर्य तोच आहे. जो उजेड पलीकडे पक्ष्यावर पडतो तोच नावेत तुमच्या तळहातावर पडतो. तिथेच मोजा, किंवा नावाड्याची सावली बघा, आणि मग पक्ष्याकडे वळा. सूर्य पक्ष्याच्या पाठीमागे असेल तेवढे मात्र हे चालत नाही. तेव्हा पक्ष्याची तुमच्याकडची बाजू सावलीत असते. त्याच पाण्यात पळसदेवचे जुने दगडी मंदिर आहे, पाणी फार खाली गेले की ते उघडे पडते. तिथे पाण्याच्या चकाकीने दगड आणखीच काळा येतो. युक्ती तीच.

शिक्षक बंधुभगिनींना वर्गाच्या फोटोविषयी वेगळे सांगायला हवे. आपण काय करतो? बाराच्या सुट्टीत मुलांना चुना दिलेल्या भिंतीसमोर ओळीने उभे करतो. मुलांचे सदरे पांढरे, भिंत पांढरी, आणि सूर्य डोक्यावर. आपल्याकडे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटी तो ऐन माध्यान्ही अगदी माथ्यावर येतो. उभ्या काठीला सावली राहत नाही. अशा उन्हात भुवयांची सावली डोळ्यांवर पडते. छिद्र १६ ठेवले तर कपाळ आणि नाक बरोबर येईल, डोळ्यांच्या जागी दोन खळगे. इथे सावलीचा नियम आंधळेपणाने लावून चालत नाही, कारण ज्यासाठी फोटो काढायचा ते डोळेच उन्हात नसून सावलीत आहेत. मीटरने भिंत मोजली तर अवस्था आणखी वाईट. त्यापेक्षा मुलांना सकाळी शाळेच्या इमारतीच्या सावलीत, पण मोकळ्या आभाळाकडे तोंड करून बसवा, भिंतीपासून थोडे पुढे. छिद्र ४ किंवा ५.६, कॅमेरा तिवईवर. समोर उन्हात एकदोन पांढरी धोतरे नाहीतर चादरी अंथरल्या तर त्यांचा उजेड उडून चेहऱ्यांवर येतो. मागच्या ओळीतले सावळे पोर पुढे पन्नास वर्षांनी त्या फोटोत आपल्या नातवाला स्वतःला दाखवू शकेल की नाही, ते या दोन चादरींवर ठरते.

इतके ऐकून कुणी म्हणेल, मग मीटर कशाला? अहो, उंबरठा ओलांडला की डोळ्याचे राज्य संपते. गुऱ्हाळात संध्याकाळी काहील उकळत असते, चुलवाणाच्या तोंडाशी लाल उजेड, बाकी काळोख; डोळ्याला सगळे सोनेरी दिसते, फिल्मला काहीच दिसत नाही. देवळाचा गाभारा, लग्नाचा मांडव, वर्गाची खोली, सगळीकडे हेच. वर्गात खिडकीजवळचे मूल आणि पलीकडच्या भिंतीजवळचे मूल यांच्यात तीनचार स्टॉपचा फरक असू शकतो आणि आपल्याला दोघेही सारखेच दिसतात. सूर्य बुडाल्यावर तर दर काही मिनिटांनी उजेड निम्मा होतो. इथे मीटर हवाच, आणि इथे 'मला मीटर लागत नाही' अशी फुशारकी मारणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. असे लोक जमलेले फोटो भिंतीवर लावतात, न जमलेल्या निगेटिव्ह आपल्याला दाखवत नाहीत.

मीटर विकत घेण्याची घाई मात्र नको. मोबाइलवर लाइट मीटरची अॅप मिळतात, ती कामापुरती बरी असतात. मध्यम राखाडीची खोड त्यांनाही आहेच. जुन्या कॅमेऱ्यातला किंवा पेटीतला मीटर असेल तर आधी तपासा. सेलेनियमचा पत्रा वर्षानुवर्षांच्या दमट हवेने मरत जातो. काटा हलतो, पण खोटा हलतो. निरभ्र दिवशी अकराच्या सुमारास तळहात उन्हात धरा. शंभरच्या फिल्मला, सव्वाशेव्या भागाला, मीटरने २२ च्या आसपास दाखवले पाहिजे. फार वेगळे दाखवत असेल तर तो शोभेला ठेवा. सेलवर चालणाऱ्या जुन्या मीटरांची वेगळीच कथा. त्यांना पाऱ्याचे सेल लागत, सव्वा व्होल्टाहून थोडे जास्त, १.३५ चे. ते आता मिळत नाहीत. त्या मापाचा दीड व्होल्टाचा सेल बसतो खरा, पण पुष्कळ कॅमेऱ्यांत मग काटा आहे त्यापेक्षा जास्त उजेड दाखवतो आणि सगळा रोल पातळ निघतो. हाही दोष सावलीच्या हिशेबाशी ताडून पाहिला की पहिल्याच दिवशी उघडा पडतो. पेटीत जुना रोलही सापडला, उटीच्या कारखान्याचा 'इंदू' वगैरे, तर त्यावर हे काहीही पारखू नये. तो कारखाना बंद पडला, आणि रोलचा जोर वयाने उतरलेला असतो. त्याच्या निकालावरून ना डोळ्याला दोष देता येतो, ना मीटरला.

सुरुवात रोल न घालताच करावी, हे उत्तम. शाळेत मुलांकडून करून घेण्यासारखे आहे. वहीला चार रकाने आखायचे : जागा आणि वेळ, सावली कशी होती, आपला अंदाज, आणि मीटरचे माप. अंदाज आधी लिहायचा, मीटर मग पाहायचा. उलट केले तर डोळा नक्कल करतो, शिकत नाही. दिवसातून पाच नोंदी पुरेत : चावडीपुढे, विहिरीवर, बाभळीखाली, वर्गाच्या दारात, घरात दिव्याखाली. पंधरवड्यात बाहेरचे अंदाज एका स्टॉपच्या आत येऊ लागतील. घरातले येणार नाहीत, आणि ते येत नाहीत हे मुलांच्या स्वतःच्याच अक्षरात वहीवर राहील. मग रोल घाला, तीच वही चालू ठेवा, फोटोचा क्रमांक लिहा, आणि पाचवा रकाना रिकामा सोडा. तो रोल धुऊन आल्यावर, निगेटिव्ह खिडकीशी धरून भरायचा.